उपासनामंदिरातील चित्र : साहाय्य की अडखळण?

(अभ्यासपाठ)

वाचन : निर्गम ३१:१-११, ३२:१-६, गणना २१:४-९, २ राजे १८:१-४, लूक १५:११-३२, योहान ३:१४-१५, १ करिंथ, अध्याय ८.

आमच्या बहुतेक मंडळ्यांच्या उपासनामंदिरांत पाऊल टाकले म्हणजे समोर पांढरी भिंत, तीवर एक साधा लाकडी वधस्तंभ, फार तर रंगविलेले एखादे वचन, व्यासपीठ आणि प्रभुभोजनाचे मेज एवढेच नजरेस पडते. ही साधी भिंत आम्हांला वारशाने मिळाली आहे. १८१३ साली मुंबईस आलेले अमेरिकन मिशनरी, त्यांच्यामागून कोकणात व पुण्यात आलेले स्कॉटिश मिशनरी, १८७७ पासून इंदूरकडे काम करू लागलेले कॅनेडियन प्रेस्बिटेरियन, हे सर्व ज्या परंपरेतून आले तीत उपासनेच्या जागी चित्र किंवा मूर्ती ठेवण्याची चाल नव्हती. आमच्या वाडवडिलांनाही ती भिंत आवडली. त्यांनी घरादाराला मुकून मूर्तिपूजा सोडली होती. रिकामी भिंत हीच त्यांची साक्ष होती. या विषयाचा विचार करताना त्या साक्षीचा मान प्रथम राखला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

तथापि चित्रे आता आमची परवानगी न विचारताच आत आली आहेत. प्रोजेक्टरच्या पडद्यावर गीताच्या शब्दांमागे धबधबे वाहतात. संडे स्कूलच्या कपाटात चित्रांचे तक्ते असतात. कोणी आपल्या दिवंगत आईवडिलांच्या स्मरणार्थ प्रभूचे मोठे चित्र मंदिरास देऊ करतो, आणि मग कमिटीत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ही मूर्तिपूजा. दुसरा म्हणतो, नुसते चित्रच तर आहे. दोघेही घाई करतात. पहिल्याने पवित्र शास्त्र पुरते वाचलेले नसते, आणि दुसऱ्याला चित्राचे सामर्थ्य कळलेले नसते.

शास्त्रापासून आरंभ करू. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देव मोशेला बसालेल नावाच्या मनुष्याविषयी सांगतो. तो याजक नाही, संदेष्टा नाही. तो सोने, रुपे, पितळ, लाकूड आणि रत्ने यांत काम करणारा कारागीर आहे. या कामासाठी देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. त्याच्या जोडीला अहलियाब आहे. तो कोरीव काम करणारा व भरतकाम करणारा. निवासमंडपाच्या पडद्यांवर करूब विणलेले होते, दीपवृक्षाला बदामाच्या फुलांचा आकार होता, याजकाच्या झग्याच्या घेराला डाळिंबे होती. ज्या देवाने दहा आज्ञांत कोरीव मूर्ती करून तिच्या पाया पडण्यास मनाई केली, त्याच देवाने हे सारे करविले.

आता लगेच पुढचा अध्याय वाचा. पर्वतावर बसालेलाचे नाव घेतले जात असताना पायथ्याशी अहरोन लोकांच्या कानांतील सोन्याची कुंडले गोळा करून वासरू ओतीत आहे. पुढे पस्तिसाव्या अध्यायात तेच लोक निवासमंडपासाठी सोन्याचे दागिने आणून देतात. म्हणजे लोक तेच आणि त्यांच्या पेटीतील सोनेही तेच. वासरू का झाले? लोकांना मोशेची वाट पाहवेना. न दिसणाऱ्या देवाची वाट पाहण्यापेक्षा दिसणारा, हलविता येणारा, आपल्या पुढे चालविता येणारा देव त्यांना हवा होता. संडे स्कूलच्या शिक्षकांनी हे दोन अध्याय एकाच रविवारी शिकवावेत. निरनिराळे शिकविले तर मुलांच्या लक्षात कला तेवढी राहते किंवा पाप तेवढे राहते.

याहून महत्त्वाची गोष्ट पितळेच्या सर्पाची. ती तीन ठिकाणी येते आणि तिन्ही ठिकाणे जोडून वाचावी लागतात. अरण्यात सर्पदंशाने लोक मरू लागले तेव्हा देवाच्याच आज्ञेवरून मोशेने पितळेचा सर्प करून खांबावर टांगला. ज्याने त्याकडे पाहिले तो वाचला. पुढे कित्येक शतकांनी, हिज्कीया राजाच्या काळी, इस्राएल लोक त्याच सर्पापुढे धूप जाळीत होते. हिज्कीयाने तो फोडून टाकला आणि त्याला नहुश्तान, म्हणजे पितळेचा नुसता तुकडा, असे नाव पडले. त्याने परक्यांची मूर्ती फोडली नाही, हे ध्यानात घ्या. त्याने मोशेच्या हातची, देवाच्या आज्ञेने झालेली, लोकांचे प्राण वाचविलेली वस्तू फोडली. त्या वेळी वडीलधाऱ्यांना किती दुःख झाले असेल! पण देवाने दिलेली वस्तूही देवाच्या जागी बसू शकते, हे त्या राजाने ओळखले.

येथे गोष्ट संपली असती तर उपासनेत चित्र नको असे म्हणून आम्हीही लेखणी खाली ठेवली असती. परंतु रात्री भेटावयास आलेल्या निकदेमाला स्वतःच्या मरणाचा अर्थ सांगताना प्रभूने फोडून टाकलेल्या त्याच सर्पाचा दाखला घेतला. पितळ गेले तरी त्याने दाखविलेला अर्थ राहिला होता. आमच्या मते चित्राचे उपासनेतील स्थान यावरून ठरते. जे चित्र आपल्यापलीकडे बोट दाखविते ते कामाचे, आणि जे स्वतःपाशीच थांबविते ते कितीही सुंदर असले तरी हिज्कीयाच्या हातोड्यास पात्र आहे.

आमची पश्चिमेकडील वडील मंडळीही या प्रश्नावर भांडली होती. मार्टिन लूथर वॉर्टबर्गच्या किल्ल्यात लपून राहिला असता विटेनबर्ग शहरात आंद्रेआस कार्लश्टाट याने मंदिरांतील चित्रे व मूर्ती काढून टाकाव्यात असा आग्रह धरला. १५२२ च्या आरंभी त्याने या विषयावर पुस्तिका लिहिली, आणि काही लोकांनी धीर न धरता मोडतोड सुरू केली. हे ऐकून लूथर मार्च १५२२ मध्ये जीव धोक्यात घालून परत आला व त्याने ओळीने आठ दिवस उपदेश केले. चित्रांची पूजा होत असेल तर ती वाईटच, हे त्याने मान्य केले. पण चित्र बाळगण्याची आज्ञा नाही, तशी बंदीही नाही. आणि मनुष्याच्या हृदयातील मूर्ती काढल्याशिवाय भिंतीवरची ओढून काढण्यात काही अर्थ नाही, असे त्याचे म्हणणे होते. लोक सूर्यचंद्रांचीही पूजा करतात, म्हणून काय आपण त्यांना आकाशातून खाली ओढावे, असेही त्याने विचारले.

झुरिक शहरात मात्र निराळे घडले. झ्विंग्लीच्या शिकवणीप्रमाणे १५२४ साली तेथील नगरसभेने मंदिरांतील चित्रे व मूर्ती शिस्तीने उतरविल्या व भिंती पांढऱ्या केल्या. कॅल्व्हिनही उपासनेच्या जागी चित्रे नसावीत याच मताचा. मात्र चित्रकला व शिल्पकला ही देवाचीच देणगी आहे, असे त्याने आपल्या मोठ्या ग्रंथात स्वच्छ लिहिले आहे. देव डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचे चित्र काढू नये. जे डोळ्यांना दिसते ते खुशाल काढावे, असा त्याचा विचार. आमच्या पांढऱ्या भिंती झुरिक आणि जिनिव्हा येथून लांबचा प्रवास करीत आमच्यापर्यंत पोहोचल्या.

विटेनबर्गच्या नगरमंदिरात, लूथरच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १५४७ साली लूकास क्रानाख या चित्रकाराच्या कार्यशाळेतील एक मोठे वेदीचित्र बसविण्यात आले. ते आजही तेथे आहे. मध्यभागी प्रभुभोजनाचा प्रसंग असून शिष्य गोल मेजाभोवती बसले आहेत. त्यांपैकी एकाचा चेहरा लूथरचा आहे आणि त्याच्या हाती प्याला दिला जात आहे. सामान्य विश्वासणाऱ्यांनाही प्याला मिळाला पाहिजे या झगड्याची ती आठवण आहे. डाव्या बाजूस मेलँक्थॉन बालकाचा बाप्तिस्मा करीत आहे. उजव्या बाजूस बुगेनहागेन हाती किल्ल्या घेऊन पापांगीकार ऐकत आहे. आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती खालची लांबट पट्टी. तेथे एका टोकाला व्यासपीठावर लूथर उभा असून त्याचा एक हात उघड्या पवित्र शास्त्रावर आहे व दुसरा हात पुढे केलेला आहे. दुसऱ्या टोकाला मंडळी बसली-उभी आहे, त्यांत स्त्रिया आहेत, मुले आहेत. या दोहोंच्या मध्ये ओकीबोकी भिंत आणि तिच्यापुढे वधस्तंभावरील ख्रिस्त. उपदेशक त्याच्याकडे बोट दाखवितो आणि मंडळी उपदेशकाकडे न पाहता त्याच्याकडे पाहते. उपदेशाविषयी पाळकांना अनेक पुस्तकांतून जे शिकविले जाते ते या एका पट्टीत आहे. त्याच वर्षी युद्धात हरून ते शहर सम्राटाच्या स्वाधीन झाले होते, हेही जाता जाता सांगावे. लोकांनी चांगल्या दिवसांत हौसेने लावलेले हे चित्र नव्हते.

आता संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी एक धडा. हॉलंड देशात मंदिरांच्या भिंती पांढऱ्या होत्या, तरी रेम्ब्रांट या चित्रकाराने पवित्र शास्त्रातील प्रसंग जन्मभर रंगविले. उधळ्या पुत्राच्या परत येण्याचे त्याचे चित्र १६६९ साली तो वारला त्याच्या थोडे आधीचे असून सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्याची चांगली छापील प्रत मिळवा. वर्गात आधी लूक १५ वाचा, मग चित्र लावा आणि दोन-तीन मिनिटे कोणीही बोलू नये असे सांगा. मुलांना हे जमते. अडचण शिक्षकांनाच होते. मग विचारा : मुलाचे पाय कसे आहेत? एका पायातील वहाण निसटली आहे, दुसरीची टाच झिजून गेली आहे. डोके जवळजवळ भादरलेले. तोंड आम्हांला नीट दिसतच नाही, ते बापाच्या छातीशी आहे. बापाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर आहेत, आणि ते एकसारखे नाहीत. कोणी म्हणेल एक बापाचा व एक आईचा. मुलांना ते आपणच शोधू द्या.

मग उजवीकडे ताठ उभा असलेला, हातात काठी धरलेला मनुष्य दाखवा. तो वडील भाऊ, असे सामान्यतः मानतात. आता मुलांना पुन्हा शास्त्र उघडावयास सांगा : धाकटा परत आला तेव्हा वडील भाऊ कोठे होता? तो शेतात होता. तो बापाला भेटतो ते नंतर, अंगणात. म्हणजे चित्रकाराने दोन प्रसंग एकत्र आणले. ही चूक की उपदेश? यावर मोठ्या मुलांच्या वर्गात अर्धा तास चांगली चर्चा होईल, आणि चित्र व वचन यांत शेवटचा शब्द कोणाचा हेही त्यांना न सांगता कळेल.

कारण चित्रे गुपचूप पुष्कळ शिकवितात. आमच्या मुलांना विचारून पाहा, मागी लोक किती होते? तीन. शास्त्रात संख्या नाही. देणग्या तीन आहेत. ते कोठे आले? गोठ्यात. मत्तय म्हणतो, घरात. दिमिष्काच्या वाटेवर शौल कशावरून पडला? घोड्यावरून. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्या ठिकाणी घोडा नाहीच. शेवटल्या भोजनाच्या वेळी सारे एका लांब मेजाच्या एकाच बाजूस बसले होते, हे आम्हांला लिओनार्दोच्या चित्राने शिकविले. ते चित्र मिलान येथील मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर, जेवणाऱ्या मठवासीयांसमोर काढलेले आहे, म्हणून त्याची रचना तशी. त्या काळी यहूदी लोक अशा भोजनाला टेकून बसत, आणि योहानाच्या तेराव्या अध्यायातील तो प्रसंग त्याशिवाय समजत नाही. चित्र दाखविण्यापूर्वी शिक्षकाने ते शास्त्राशी ताडून पाहिले पाहिजे. पाठ तयार करताना या कामाला निराळा वेळ ठेवावा.

यापेक्षा खोल शिरलेली चूक चेहऱ्याची आहे. अमेरिकन चित्रकार वॉर्नर सॉलमन याने १९४० साली काढलेले ख्रिस्ताचे मस्तक कोट्यवधी प्रतींनी जगभर गेले. आमच्याही अनेक घरांत ते पाहावयास मिळते. पिंगट लांब केस, गोरा नितळ चेहरा. आमच्यांतील किती मुले प्रार्थनेत डोळे मिटल्यावर हाच चेहरा पाहत असतील! शेजारीपाजारी आम्हांला परकीय धर्माचे म्हणतात म्हणून आम्ही रागावतो, आणि भिंतीवर मात्र परदेशी चेहरा टांगतो.

गीतांच्या बाबतीत हा प्रश्न फार पूर्वी सुटला. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी अभंग, ओवी, कीर्तन मंडळीत आणले, तेव्हा हे हिंदूंचे आहे म्हणून नाके मुरडणारे होतेच. आज टिळकांवाचून आमची उपासना होत नाही. कानांना जे मिळाले ते डोळ्यांना मिळाले नाही. प्रयत्न करणारे मात्र होते. गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले, आणि पुढे पुण्यात, जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याने १९२२ साली स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात अनेक वर्षे राहिले. रोमन कॅथलिक चित्रकाराला प्रॉटेस्टंट आश्रमाने आसरा द्यावा, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ऐकण्यासारखी आहे. त्यांची मरिया साडी नेसते. गोव्यातील आपल्याच लोकांनी त्यांच्यावर कडक टीका केली. १९६७ साली ते पुण्यात वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये जतन करण्यात आला आहे. गोव्याच्या व बेळगावच्या मंडळ्यांनी तरुणांची सहल तेथे न्यावी.

आमचे मत विचाराल तर फोन्सेकांची मरिया आम्हांला मनापासून पटते. ख्रिस्ताला संन्याशाच्या वेषात दाखविण्याची भारतीय चित्रकारांची जी रीत आहे ती मात्र थोडी खटकते. कारण शुभवर्तमानातील प्रभू लग्नाला जातो, जकातदारांच्या पंगतीला बसतो, आणि लोक त्याला खादाड म्हणतात. पण असा मतभेद होणे हेच चांगले लक्षण आहे. सॉलमनच्या चित्रावर कोणी कधी वाद घातल्याचे आम्ही ऐकले नाही.

मराठी ख्रिस्ती घराण्यातील विनायक शिवराम मासोजी हेही शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे शिष्य व पुढे तेथीलच शिक्षक. संविधानाची मूळ प्रत सजविणाऱ्या चित्रकारांत त्यांचे नाव आहे. आमच्या किती तरुणांना ते ठाऊक आहे? हैदराबादकडील वाचकांनी दोर्णकल येथील कॅथीड्रल पाहावे. बिशप व्ही. एस. अझरय्या यांनी बांधविलेले व १९३९ साली समर्पित झालेले ते मंदिर दाक्षिणात्य देवळाचे खांब आणि मुसलमानी धर्तीचे घुमट यांना एकत्र आणते. खेड्यातील गरीब विश्वासणाऱ्यांच्या मंडळीसाठी ते उभे राहिले.

आता कमिटीपुढच्या प्रश्नाकडे येऊ. आमच्या मंडळ्यांत नव्याने विश्वासात आलेली माणसे असतात. ज्याने काल घरातील देव्हारा सोडला त्याला मंदिरातील चित्रापुढे मेणबत्ती दिसली तर तो काय समजेल? करिंथकरांना लिहिलेल्या पत्राचा आठवा अध्याय मूर्तीला दाखविलेल्या नैवेद्याविषयी आहे, तरी तो येथे शब्दशः लागू पडतो. आपल्याला मोकळीक आहे म्हणून दुर्बळ भावाला अडखळण होईल असे करू नये, हा पौलाचा नियम. म्हणून चित्र वेदीमागे, प्रार्थनेच्या वेळी सर्वांची तोंडे जिकडे असतात तिकडे, कायमचे लावू नये. बाजूच्या भिंतीवर, व्हरांड्यात, संडे स्कूलच्या खोलीत लावावे. मोसमाप्रमाणे बदलावे, नाताळचे चित्र उत्तम शुक्रवारी तसेच लोंबकळत असेल तर ते कोणी पाहत नाही, हे समजावे. चित्राला हार घालू नये. आमच्याकडे तसबिरीला हार म्हणजे मेलेल्या माणसाला हार. जिवंत प्रभूच्या चित्राला तो घालताना हे कोणाच्या मनात कसे येत नाही? देणाऱ्याचे नाव चित्रावर मोठ्या अक्षरांत लिहू नये. फार झाले तर मागील बाजूस लिहावे. असे सांगितल्यावर काही देणग्या परत जातील, त्या जाऊ द्याव्यात.

पडद्याविषयीही बोलले पाहिजे. गीताच्या शब्दांमागे हलणारी दृश्ये लावणारा तरुण स्वतःला चित्रांचा जाणकार समजत नाही, म्हणून त्याच्या निवडीवर कोणी चर्चा करीत नाही. भिंतीवरच्या एका चित्रासाठी मात्र तीन सभा होतात. पश्चात्तापाच्या गीतामागे समुद्रकिनारा कशासाठी? शब्द साध्या रंगावर लिहावेत. एखाद्या रविवारी संदेशाशी जुळणारे एकच स्थिर चित्र दाखवावे, आणि दाखविताना पाळकाने ते चार वाक्यांत वर्णन करून सांगावे. प्रत्येक मंडळीत कोणाची तरी दृष्टी अधू असते, मागच्या बाकावरील आजीला पडदा नुसता उजळलेला दिसतो. आणि डोळे चांगले असणाऱ्यांनाही ऐकल्यावरच दिसू लागते.

पैशाची अडचण कोणी सांगू नये. धारवाड-बेळगावकडील स्त्रियांच्या हाती कशिदा आहे; प्रभुभोजनाच्या मेजावरील वस्त्रावर द्राक्षवेल व गव्हाची कणसे त्या काढू शकतील. दारापुढे रांगोळी काढणाऱ्या मुलींना झावळ्यांच्या रविवारी मंदिराचे अंगण द्या. संडे स्कूलमध्ये गोष्ट सांगितल्यावर छापील तक्ता दाखविण्याआधी मुलांना स्वतः चित्र काढू द्या. एकदा तक्ता पाहिला की सारी मुले त्याचीच नक्कल करतात. आधी काढावयास दिले तर कोणी हरवलेल्या मेंढराला ऊसतोडीच्या बैलगाडीशेजारी काढील, कोणी मेंढपाळाला खांद्यावर घोंगडी देईल. ती चित्रे महिनाभर भिंतीवर लावा व नंतर काढून ज्याची त्याला घरी न्यावयास द्या.

राहता राहिला जुन्या तक्त्यांचा प्रश्न. अनेक संडे स्कूलांच्या कपाटांत कडा फाटलेले, वाळवी लागलेले तक्ते वर्षानुवर्षे पडून असतात, कारण त्यांवर प्रभूचे चित्र आहे आणि ते टाकण्यास कोणाचा हात धजत नाही. नाताळपूर्वीच्या साफसफाईत ते बाहेर काढावेत. जे चांगले असतील ते जपावेत, एखादा फार जुना असेल तर मंडळीच्या दप्तरात ठेवावा, आणि उरलेले शिक्षकांनी मोठ्या मुलांच्या हातून रद्दीत घालावेत. मुले बिचकली तर त्यांना २ राजे, अठरावा अध्याय, चौथे वचन वाचावयास सांगावे.